निकाली

राजारामपुरी, नववी गल्ली, बॅटरीच्या दुकानावरचा मजला.
इथं बसून मी लढाया लावतो. म्हणजे लढाया टाळतो.
खेळणाऱ्याला कंटाळा आला, झोप आली,
तर पडद्याच्या कोपऱ्यात एक बटण असतं: परस्पर निकाल.
ते दाबल्यावर जे होतं, ते माझ्या हातचं.

फार नाही, चाळीसेक ओळी.
ह्या बाजूचं बळ, त्या बाजूचं बळ,
चढावर असलात तर सव्वापट, नदी आडवी आली तर पाऊण,
उपाशी सैन्याचे थोडे वजा,
आणि शेवटी एक फासा, दैवाच्या हातालाही काम हवं म्हणून.
भागाकार, वजाबाकी.
तीनशे वीस भालाईत होते, एकशे नव्वद आहेत.
मधे पापणीसुद्धा लवत नाही.

तपासायला जमीर मुल्लाणी. रोज पन्हाळ्याहून येतो, तक्रारी घेऊन.
'तोफा दरवेळी आधी का मरतात रे? मागं उभ्या असतात की.'
मागंपुढं असं काही नाहीच तिथं, मी सांगतो,
सगळे एका पोत्यात. पोतं काट्यावर.
'आणि खिंडीत तीनशेजण अडून उभे राहिले तर?'
खिंड म्हणजे माझ्याकडं एक पूर्णांक चार दशांश.
पन्हाळ्याच्या माणसाला हे सांगताना
मी स्क्रीनकडं बघत होतो.

मागच्या आठवड्यात त्याला एक पलटण सापडली
जिच्यात शून्य पूर्णांक तीन माणूस शिल्लक होता.
आकडा शून्य दिसायचा, निशाण मात्र चालत राहिलेलं,
मरत नाही, लढत नाही, कुणाचं गाव घेत नाही,
प्रत्येक पाळीला एक घर पुढं.
आम्ही पोट धरून हसलो. चहा आला.
मग जमीर बशीत बघत म्हणाला,
'तीन दशांश म्हणजे कुठला भाग उरला असंल?'
अपूर्णांक पुसायची एक ओळ मी त्याच दुपारी घातली.
निशाण गेलं.

घरी आप्पांना दाखवलं. गुडघ्याला तेल चोळत बसलेले.
दोन सैन्यं, बटण, आकडे.
बघत राहिले.
'आनि कुस्ती कुठाय?'
झाली की.
'कवा?'

मग स्वतःच दाबून बघितलं. डावीकडचे हरले.
तीच जोड पुन्हा लावायला सांगितली. डावीकडचे जिंकले.
'मग खरं कंचं?'

आप्पांची एक जोड खासबागेत लागली होती,
शिराळ्याच्या बिरू हजारेबरोबर, निकाली म्हणून.
बेचाळीस मिनिटं. हलगीवाल्याची बोटं सुजली.
एकदा पट निघाला, एकदा घिस्सा बसला,
पाठ मातीपासून चार बोटं वर राहिली, आणि अंधार पडला.
पंचांनी दोघांचे हात उचलले. बरोबरीत सोडवली.

ती कुस्ती मी माझ्या ओळींत घालून बघितलीय.
सारखं बळ, सपाट माती, फासा मधोमध:
उत्तर बरोबर येतं.
आप्पांचा उजवा गुडघा येत नाही.

बिरूनाना अजून येतात, दिवाळी झाली की, एसटीनं,
पिशवीत शेंगा घेऊन.
पांढरा रस्सा दोनदा मागून घेतात आणि सुरू होतात.
'टेकली हुती.'
'न्हाई टेकली.'
'टेकली हुती, पंचाच्या डोळ्यात माती गेली हुती.'
चार बोटं हवेत आडवी धरून आप्पा ती पाठ पुन्हा दाखवतात,
बोटं आता थरथरतात, त्यामुळं कधी तीन दिसतात, कधी पाच.
आई म्हणते, गार होतंय.

असा फासा कुठल्या ओळीत टाकू मी,
जो एकेचाळीस वर्षं
पडतोच आहे?

फोन वाजला. जमीर.
तोफा अजून आधीच मरतायत.